पंडितेने पांडित्य बाजूला ठेवले तेव्हा

१/ सन १८७८. कलकत्त्यातील शास्त्रीमंडळींसमोर वीस वर्षांची एक तरुणी उभी आहे. दुष्काळाने आईवडील आणि बहीण हिरावली. भावासह ती पायी देशभर फिरली, पुराणे सांगून जगली. शास्त्री तिची परीक्षा घेतात आणि 'पंडिता' व 'सरस्वती' अशा पदव्या देतात. तिचे नाव रमाबाई डोंगरे.

२/ इथवरची कथा अनेकांस ठाऊक असते. मित्रहो, आज पाहायचे ते यापुढचे.

३/ हा मान ज्या ग्रंथांच्या अध्ययनामुळे मिळाला, त्याच ग्रंथांत रमाबाईंना स्वतःसाठी जागा सापडेना. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या सांगतात, की हे ग्रंथ इतर बाबतींत परस्परविरोधी असले, तरी स्त्रीजात दुष्ट असून तिला पुरुषाप्रमाणे मोक्ष नाही, यावर त्यांचे एकमत होते. (मग जनाबाई, बहिणाबाईंचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण रमाबाई बोलत होत्या त्या स्वतः वाचलेल्या संस्कृत ग्रंथांविषयी.)

४/ १८८२ साली पती बिपिनबिहारी वारले. पुढच्या वर्षी तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आश्रम दाखविला. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत असे. असे आपल्याकडे कोणी का करीत नाही, या विचाराने त्या अस्वस्थ झाल्या. भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर आलेली, परजातीची, बदलौकिकाची ती बाई; आणि येशू तिच्याशीच धर्मातले सर्वांत गहन बोलतो. या कथेने रमाबाईंना जिंकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

५/ लौकिकाच्या हिशेबात हा तोट्याचाच व्यवहार ठरला. स्वदेशी टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये पालकांनी शारदा सदनातून आपल्या मुली काढून नेल्या. तिकडे चर्चही खूश नव्हते. एका पुरोहितवर्गाचे जोखड कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी वाँटेजला स्पष्ट कळविले होते. माझ्या मते त्यांची श्रद्धा ओळखायची ती याच पत्रव्यवहारात. पुढे त्यांनी कबूल केले, की प्रारंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी गवसला.

६/ दुष्काळपीडित मुलींसाठी त्यांनी पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभारले. तेथेच 'कृपासदन' निघाले, फुलहॅमच्या आठवणीतून. ज्यांना कोणीच घेत नसे त्या स्त्रियांसाठी.

७/ आणि आता भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहजसाध्य होती, तीच त्यांनी टाळली. खेड्यातल्या, नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या बाईला वाचता येईल असे शब्द निवडले. खिळे जुळविले ते मुक्तिसदनाच्या छापखान्यातील स्त्रियांनीच.

८/ १९१९ साली सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या दुःखातही मुद्रिते तपासणे चालूच होते. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच, रमाबाईंनी देह ठेवला.