गाडीची थरथर आणि कारणाचा शोध

आज आपण एका थरथरीचा इतिहास बघणार आहोत. गाडी सिग्नलला उभी असते, किंवा रांगेतून मुंगीच्या पावलांनी सरकत असते, आणि सीट, स्टिअरिंग, आरसा, सगळंच हलायला लागतं. वेग वाढला की थांबतं. असं का होतं?

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ६०० फेरे धरले, तर सेकंदाला २० धक्के. इंजिन हळू फिरतं तेव्हा हे धक्के सुटेसुटे जाणवतात. जुन्या बऱ्याच गाड्यांत इंजिन चौकटीला घट्ट आवळलेलं असे. धक्का थेट बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत जाई. ज्याला परवडे तो सहा किंवा आठ सिलिंडरची गाडी घेई.

१९३१ साली अमेरिकेत क्रायसलरने स्वस्तातल्या प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणलं. इंजिन पुढे उंचावर आणि मागे खाली असं रबरावर टेकवलं, की ते स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या आसाभोवती डुलेल. फ्रान्सच्या सित्रोएनने हे तंत्र घेतलं आणि जाहिरातीला पोहणारा हंस लावला.

आता इथे जरा थांबू या. धक्के बंद झाले का? नाही. ते आपल्यापर्यंत पोचेनासे झाले, एवढंच. म्हणून वर्षांनी ते रबर चिरलं की थरथर परत येते, आणि आपण टायरला दोष देतो.

मग कारण ओळखायचं कसं? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये सहपरिवर्तनाची पद्धत मांडली: एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते का, ते बघा. आपल्याकडचा अन्वय-व्यतिरेकही याच जातीचा. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, तरी थरथरते? मग या थरथरीत चाकांचा हात नाही. इंजिन आणि त्याची रबरं बघा. थरथर गाडीच्या वेगाबरोबर बदलते, गिअर कुठलाही असो? मग चाकं बघा. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरला सेकंदाला जेमतेम तीन फेरे. चाकाचं हेलकावणं असं संथ असतं, इंजिनाची थरथर बारीक. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे बसले, तर संशय ब्रेकच्या डिस्कवर.

हा क्रम सोडला की एकामागून एक सुटे भाग बदलले जातात आणि बिल तेवढं वाढतं. त्याहून वाईट म्हणजे चाकाचे सैल नट किंवा टायरला आलेला फुगा नजरेतून निसटतो. संथ हेलकावा नव्याने जाणवला, तर गाडी आधी बाजूला घ्यावी आणि चाकं तपासावीत. बाकीचा विचार त्यानंतर.