पंतोजींच्या शाळेचे कागद

जुन्या दफ्तरांतून सनदा, महजर व निवाडे निवडून घेतल्यावर जे कागद उरतात, त्यांत कधीं कधीं मुलांच्या हातचे मोडी कित्ते व अंकांच्या उजळण्या आढळतात. त्यांवर शिक्का नसतो, बहुधा तारीखही नसते. म्हणून ते रद्दींत जातात. आमच्या मतें ही चाल संशोधनास घातक आहे.

एलफिन्स्टन यांनीं शिक्षणविषयक टिपण १८२३ सालीं लिहिलें व १८२४ सालीं मुंबई इलाख्याच्या कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागविली. १८२९ सालच्या आंकड्यांत सुमारें ४७ लक्ष वस्तीस १७०५ शाळा व सुमारें ३५ हजार विद्यार्थी दिसतात; म्हणजे शाळेमागें सरासरी वीस मुलें. उलट, कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं असें नमूद केलें होतें कीं, जेथें एकही शाळा नाहीं असें खेडें क्वचितच सांपडेल. या दोहोंचा मेळ बसत नाहीं.

मेळ न बसण्याचें एक कारण शाळेच्या स्वरूपांतच आहे. तिला स्वतःची इमारत नसे. पंतोजी ज्या देवळांत, धर्मशाळेंत किंवा ओसरीवर बसत, तीच शाळा. ते गांव सोडून गेले कीं शाळा संपली. वेतन बरेंचसें धान्यरूपानें मिळे, त्यामुळें सरकारी हिशेबांत तिची नोंद पडण्याचें कारण नसे. अशा शाळेची मोजणी कोणत्या महिन्यांत झाली, यावरही तिचें असणें-नसणें ठरे.

सरकारी तक्त्यांबाहेरचा पुरावा म्हणून मुलांचे कागद मोलाचे आहेत. मात्र ते जपून वापरले पाहिजेत. मूल प्रथम धुळपाटीवर अक्षर गिरवी आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हीं कोष्टकें तोंडपाठ म्हणे. यांतील कांहींच मागें उरत नाहीं. शाई व बोरू हातीं आल्यावरचेंच लेखन टिकलें. म्हणून कित्ता सांपडणें हा शाळेचा पुरावा असूं शकेल. न सांपडणें हा अभावाचा पुरावा नव्हे. शिवाय मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें या शाळांत जवळ जवळ नव्हतीं; त्यांची अनुपस्थिति कागदांतही तशीच उतरली आहे.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, असा कागद मिळाल्यास तो मूळच्या रुमालांतून वेगळा काढूं नये. वेगळा काढणें भागच पडल्यास गांव, घराणें व शेजारचे मितीवार कागद यांची टीप तेव्हांच करावी. बिनतारखेच्या कित्त्याचा काळ व ठिकाण त्याच्या शेजाऱ्यांवरूनच ठरतें. ते शेजारी तुटले, तर कित्ता हातीं असूनही शाळा हरवते.