डिऑन सँडर्स गेले. पण ती वाट कोणी आखली?

३ डिसेंबर २०२२. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने सदर्न विद्यापीठाला ४३-२४ असे हरवून आपल्या साखळीचे विजेतेपद सलग दुसऱ्या वर्षी जिंकले. त्या हंगामात तोवर हा संघ एकही सामना हरलेला नव्हता. आणि त्याच रात्री मुख्य प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनी खेळाडूंना एकत्र बसवून सांगितले, की आपण कोलोरॅडो विद्यापीठात चाललो आहोत. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता, की या पेशात माणूस एक तर वर चढतो नाही तर काढला जातो, तिसरे काही होत नाही.

दोन आठवड्यांनी अटलांटा शहरात हंगामाचा शेवटचा सामना झाला. जॅक्सन स्टेट जादा वेळेत ४१-३४ ने हरले आणि सँडर्स गेले. त्यांच्याबरोबर कित्येक सहायक प्रशिक्षक गेले. त्यांचा मुलगा शदूर गेला, जो संघाचा क्वार्टरबॅक होता. ट्रॅव्हिस हंटर गेला. हा तोच मुलगा, ज्याला २०२१ साली देशातल्या शाळकरी खेळाडूंत पहिल्या क्रमांकावर धरले जात होते आणि ज्याने फ्लोरिडा स्टेटसारखे बडे विद्यापीठ सोडून जॅक्सनला येऊन सगळ्यांना चकित केले होते.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, धडका देण्याचा खेळ आहे. तिकडे कॉलेजच्या संघांवर अब्जावधी डॉलरचा व्यवहार चालतो. मुख्य प्रशिक्षक आपल्या हाताखालची माणसे स्वतः आणतो, म्हणून तो गेला की त्यांचीही जागा जाते. २०२१ पासून खेळाडूंनाही एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्यामुळे हंगाम संपताना एक माणूस उठला, की अख्खे घर रिकामे होऊ शकते.

त्यानंतर काळ्या अमेरिकेत जो वाद पेटला तो आपल्या कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही, कारण तो आपण आपल्या घरात रोज ऐकतो. एक बाजू म्हणाली, समाजाच्या नावावर मोठा झाला आणि संधी मिळताच गोऱ्यांच्या दारात गेला. दुसरी म्हणाली, माणसाने प्रगती करू नये का? आम्हाला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. दोघांचेही बोट त्या एका माणसावर आहे. तो ज्या रस्त्याने गेला तो रस्ता कोणी, कधी आणि कोणाच्या सोयीने बांधला, हे विचारायला हवे. त्यासाठी इतिहासात जावे लागते.

जॅक्सन स्टेटची स्थापना १८७७ची. मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी बाप्टिस्ट मिशनने नॅचेझ गावात ती शाळा काढली, पुढे ती जॅक्सनला आली आणि १९४० साली राज्य सरकारने ताब्यात घेतली. गोऱ्यांच्या विद्यापीठांत काळ्यांना प्रवेशच नव्हता, म्हणून ही वेगळी विद्यापीठे. १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठात पहिला काळा विद्यार्थी म्हणून फौजेच्या पहाऱ्यात शिरलेले जेम्स मेरेडिथ हे त्याआधी याच जॅक्सन स्टेटचे विद्यार्थी होते. या बहिष्कृतांच्या मैदानातून माणसे किती मोठी निघाली पाहा: वॉल्टर पेटन, लेम बार्नी, जॅकी स्लेटर, रॉबर्ट ब्राझील. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जॅक्सन स्टेटची ही चार नावे आहेत. शेजारच्या लुइझियाना राज्यात ग्रॅम्बलिंगला एडी रॉबिन्सन १९४१ पासून १९९७ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांच्या नावावर ४०८ विजय आहेत. एकाही बड्या गोऱ्या विद्यापीठाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत.

१९७० हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १४ मेच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी जॅक्सन स्टेटच्या मुलींच्या वसतिगृहासमोर गोळीबार केला. फिलिप गिब्स हा विद्यार्थी आणि जेम्स अर्ल ग्रीन हा शाळकरी मुलगा, दोघे मारले गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ अलाबामात आला. त्यांच्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने निव्वळ गोऱ्या अलाबामा संघाची दाणादाण उडवली. निकाल ४२-२१. तिकडे एक लाडकी कथा सांगितली जाते, की हा सामना पाहून अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचे आणि साऱ्या गोऱ्या दक्षिणेचे मतपरिवर्तन झाले. हृदयपरिवर्तनाच्या कथा आपल्याला नव्या नाहीत! खरे असे, की अलाबामाच्याच काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने १९६९ साली या भेदभावाविरुद्ध कोर्टात दावा लावला होता आणि त्या सामन्याच्या दिवशी विल्बर जॅक्सन हा काळा खेळाडू शिष्यवृत्तीवर अलाबामात दाखलही झालेला होता. त्या काळात पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून तो मैदानावर दिसला नाही. दार दाव्याने आणि दबावाने उघडले. श्रेय मात्र दार अडवणाऱ्याच्या हृदयाला मिळाले.

दार उघडल्यावर काय झाले? खेळाडू गेले, आणि तेही सगळ्यात चांगले. जे पेटन आणि स्लेटर पूर्वी जॅक्सनलाच आले असते, ते आता गोऱ्या विद्यापीठांना हवे होते. प्रशिक्षकांना मात्र कोणी बोलावले नाही. शाळांच्या पातळीवर तर त्याहून वाईट झाले. काळ्या आणि गोऱ्या शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुधा काळ्या शाळा. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत मिळून सुमारे ३८ हजार काळे शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीतून गेले, असा आकडा अभ्यासक देतात. मुलगा मिश्र शाळेत गेला आणि त्याला घडवणारा मास्तर घरी बसला.

इथे आम्हाला पुणे करार आठवतो. जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, पण त्या स्वतंत्र मतदारसंघाच्या होत्या. करारात जागा १४८ झाल्या आणि निवडीची किल्ली बहुसंख्याकांच्या हाती गेली. आकडा दुप्पट झाला, निवडणारा बदलला. अमेरिकेच्या दक्षिणेत फुटबॉलच्या मैदानावर हेच झाले. काळे चेहरे शेकड्यांनी वाढले. पण कोणाला घ्यायचे, कोणाला बसवायचे, प्रशिक्षक कोण, त्याला पगार किती, हे ठरवणारी खोली गोरीच राहिली. (गंमत म्हणजे दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही साखळी पुणे करार झाला त्याच १९३२ सालच्या डिसेंबरात स्थापन झाली.)

त्या साखळीला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक मिळायला ७१ वर्षे लागली. सिल्व्हेस्टर क्रूम. स्वतः अलाबामाचे खेळाडू. २००३ च्या मे महिन्यात त्यांच्याच अलाबामाने त्यांना डावलून माइक शुला यांना नेमले. डिसेंबरात मिसिसिपी स्टेटने क्रूम यांना घेतले. म्हणजे जॅक्सन ज्या राज्याची राजधानी, त्याच राज्यातले हे गोरे विद्यापीठ. २००७ साली संघाने ८ सामने जिंकले आणि क्रूम साखळीतले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पुढच्याच हंगामाच्या शेवटी मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध संघ ४५-० ने हरला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. एक चांगला हंगाम, एक वाईट हंगाम, आणि पहिल्या माणसाचे पर्व संपले. सँडर्स म्हणतात त्या दोन शक्यतांपैकी क्रूम यांच्या वाट्याला दुसरी आली. एकाच राज्यातून दोन काळे प्रशिक्षक हंगाम संपताना निघाले. एक वर गेला, एक बाहेर. दोन्ही वेळा निवडणारे हात मात्र काळ्या समाजाचे नव्हते.

आता सँडर्स यांच्याकडे न्यायाने पाहू. २०२० साली ते आले तेव्हा ईश्वराने मला जॅक्सनला बोलावले असे म्हणत. तीन हंगामांत २७ विजय आणि ६ पराभव. २०२१ साली जॅक्सन स्टेटच्या घरच्या सामन्यांना सरासरी ४२ हजारांवर प्रेक्षक आले. स्वतःचा निम्मा पगार त्यांनी संघाच्या इमारतीच्या कामाला देऊ केला. ऑगस्ट २०२२ मध्ये जॅक्सनची पाणीव्यवस्था कोलमडली, दीड लाख लोकांच्या नळाला धड पाणी नव्हते, तेव्हा आमच्या मुलांना आंघोळीला पाणी नाही हे त्यांनी साऱ्या देशाला ऐकवले. हे काम खोटे नव्हते. पण जॅक्सनला त्यांचा करार चार वर्षांसाठी १२ लाख डॉलरचा होता आणि कोलोरॅडोचा पाच वर्षांसाठी २ कोटी ९५ लाखांचा. वर्षाला जवळपास वीस पट. आम्हा बौद्धांना ईश्वराच्या हाकेबद्दल काही सांगता येत नाही, पण हाकेबरोबर आलेल्या कराराबद्दल सांगता येते.

त्याच्या आदल्याच वर्षी ब्रायन केली नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला गेले, लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून दक्षिण कॅलिफोर्नियाला गेले. दोघेही गोरे. चाहते चिडले, पण ‘तुम्ही गोऱ्या समाजाचा विश्वासघात केला’ असे कोणी म्हणाले नाही. समाजाचे ऋण फेडण्याचा हिशेब फक्त वंचितांच्या मुलाकडून मागितला जातो. हा हिशेब आपण मागावा, ‘पे बॅक टू सोसायटी’ हा आपल्याच चळवळीचा शब्द आहे. पण ज्या सरकारने जॅक्सन स्टेटला दशकानुदशके उपाशी ठेवले त्याच्याकडून आधी मागावा. जेक आयर्स यांनी ते केले. त्यांचा मुलगा जॅक्सन स्टेटला शिकत होता. १९७५ साली त्यांनी मिसिसिपी सरकारवर दावा लावला. सरकार म्हणाले, आता दारे सर्वांना उघडी आहेत, तक्रार कसली? १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसती दारे उघडल्याने जुनी दुहेरी व्यवस्था मोडत नाही. शेवटी राज्यातल्या तीन काळ्या विद्यापीठांसाठी सुमारे ५० कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही अनेक वर्षांच्या हप्त्यांनी. आयर्स तोवर हयात नव्हते.

बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले त्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्येच हा पेच मांडला होता. वेगळ्या शाळा की मिश्र शाळा, हा त्यांच्या लेखी मुख्य प्रश्न नव्हता. मुलाला खरे शिक्षण कुठे मिळते, हा होता. काळ्या लोकांचा स्वतःच्या शाळांवर, स्वतःच्या शिक्षकांवर विश्वास नाही, हे त्यांना अधिक खुपत होते.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे हे दिसते. एखादा हुशार पोरगा बुद्धविहारात अभ्यासिका उभी करतो, वीस-पंचवीस मुले बसायला लागतात. मग तो स्पर्धा परीक्षा पास होतो, पेढे वाटतो, जिल्हा बदलतो, आणि दोन महिन्यांत अभ्यासिकेला कुलूप लागते. आपण त्याला शिव्या घालतो. किल्ली दुसऱ्या कोणाकडे का नव्हती, हे विचारत नाही.

जॅक्सनला ती होती. सँडर्स यांच्या हाताखाली टी. सी. टेलर नावाचे सहायक प्रशिक्षक होते. मिसिसिपीचेच, जॅक्सन स्टेटचेच जुने खेळाडू. घर रिकामे होत असताना ते राहिले आणि विद्यापीठाने बाहेरचा तारा न शोधता त्यांनाच मुख्य प्रशिक्षक केले. कॅमेरे कोलोरॅडोला गेले होते. टेलर यांनी उरलेल्या आणि नव्या मुलांना घेऊन संघ बांधला.

१४ डिसेंबर २०२४ रोजी अटलांटात जॅक्सन स्टेटने साउथ कॅरोलायना स्टेटला २८-७ ने हरवले. काळ्या विद्यापीठांचे राष्ट्रीय विजेतेपद ठरवणारा हा तोच सामना, जो सँडर्स यांच्या संघाने २०२१ आणि २०२२ अशा दोन्ही वेळा गमावला होता; २०२१ साली तर याच साउथ कॅरोलायना स्टेटकडून. त्याच दिवशी संध्याकाळी न्यू यॉर्कमध्ये ट्रॅव्हिस हंटरला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा हाइझमन करंडक मिळाला, कोलोरॅडोचा खेळाडू म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो हंटरचा होता.