फुंकरीचं माप

हळद पॉलिश करायच्या ड्रमजवळ दिवसभर राबलेल्या गड्यानं संध्याकाळी नाक शिंकरलं तर पिवळंच येतं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये याचं कुणाला नवल नाही. मी इथं स्पायरोमेट्री करते, म्हणजे फुंकर यंत्रावर मोजते. इथं यंत्र यायच्या आधी दम्याची पारख आगपेटीवर व्हायची. जुने डॉक्टर पेटती काडी तोंडापासून सहा इंचांवर धरायचे : ओठांचा चंबू करायचा नाही, आ करून विझवा. विझली नाही की ओळखायचं, नळ्या आकसल्यात. गावठी वाटते, पण स्नायडर आणि सहकाऱ्यांनी ही तपासणी 1959 मध्ये रीतसर छापली होती.

यंत्र त्याहून जुनं. हिंगोलीत निजामाच्या कंटिंजंटची छावणी होती त्या काळात, 1846 मध्ये, लंडनच्या जॉन हचिन्सननं पाण्यात उपडी ठेवलेली घंटा फुंकरीनं वर उचलली जाईल असं यंत्र मांडलं. 2,130 जणांना त्यानं फुंकायला लावलं : खलाशी, पोलीस, बंबवाले, पहिलवान, कंगालसुद्धा. पाच ते सहा फुटांत उंचीच्या दर इंचाला आठ घनइंच हवा वाढते, हा त्याचा हिशेब. कुणाचा विमा उतरवावा तेही फुंकरीवर ठरेल, अशी त्याची आशा होती. पहिल्या सेकंदात किती हवा सुटते हे मोजायची रीत 1947 मध्ये फ्रान्सच्या टिफनो-पिनेलींनी घातली. दम्याला खरी कामाची तीच.

माझ्या कागदावर शेवटी छापून येतं, 'अपेक्षितच्या इतके टक्के'. अपेक्षित कुणाचं? बरीच वर्षं गोऱ्यांचे आकडे घ्यायचे आणि आपल्यासाठी त्यातले दहाएक टक्के कापायचे, असा रिवाज होता. मुंबईत फारुख उदवाडियांनी 1980 च्या दशकात निरोगी भारतीयांचे आकडे काढले. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं वंशावरची ही कापणी नको म्हणायला मात्र 2023 उजाडलं. मला विचाराल तर त्या कापणीत चुलीच्या धुराचा गुन्हा माफ व्हायचा. जन्मभर काड्या-पऱ्हाट्या जाळलेल्या बाईची फुप्फुसं आखूड निघाली, तरी कागद म्हणायचा, यांची अशीच असतात.

आकडे कुठलेही भरा, फुंकर पुरती लागते. नाकाला चिमटा, छाती भरून श्वास, मग धडाक्यानं सोडायचा, आणि असं किमान तीनदा. पदराआड तोंड लपवणाऱ्या म्हातारीला 'जोरात' म्हणून काही उपयोग नसतो. "माय, शेतात ढोरं शिरल्यावर वरडता ना, तेवढ्या जोरानं फुका," म्हणावं लागतं. त्यावर ती हसते, अन् ती फुंकर बाद.