विष्णुदासांच्या बाहुल्या : सीतास्वयंवरानंतर पुढे काय?

आज आपण सांगलीत राहणार आहोत, अधूनमधून साताऱ्याकडे वळून बघू. विषय मात्र खेळण्यांचा आहे. लेगो कंपनीची ‘बायोनिकल’ नावाची खेळणी 2001 साली आली आणि 2010 साली बंद झाली. ज्यांचं बालपण त्यात गेलं ती मुलं आता मोठी झाली, नोकरीला लागली. पण ती खेळणी घडवणाऱ्यांपैकी कुणी एखादं नवं चित्र दाखवलं, की ही मंडळी जागी होतात. हेच का पुढचं? हा नवा यंत्रमानव त्या जुन्याच कथेतला तर नाही? कर्त्यानं काही सांगितलेलं नसतं. तर्क चाहत्यांचे असतात.

आम्हाला हे वाचताना सांगली आठवली. कारण आपल्याकडेही एका कर्त्यानं लोकांना वेड लावणारी एक गोष्ट निर्माण केली, ती सोडली, आणि मागे लाकडाच्या बाहुल्या ठेवून गेला. त्या बाहुल्या म्हणजे त्याचं पुढचं नाटक होतं का, यावर अजून बोललं जातं. तो कर्ता म्हणजे विष्णुदास भावे.

भाव्यांची पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, निदान 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिनाच्या निमित्तानं कानावर येते. तरी थोडक्यात सांगतो. 1842 साली उत्तर कानड्यातली भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले. आवडले, पण धांगडधिंगा फार वाटला. असंच काहीतरी मराठीत, जरा नीटनेटकं करता येईल का? पदरी अमृतराव भावे होते, त्यांचा मुलगा विष्णू हुशार आणि हातानं कुशल. काम त्याच्याकडे आलं. 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं.

आता हे नाटक कसं होतं ते डोळ्यांसमोर आणायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आज आपण नाटक म्हणतो तसं ते नव्हतं. लिहिलेले संवाद नव्हतेच. सूत्रधार एका बाजूला उभा, मागे साथीदार. आधी गणपती, मग सरस्वती, विदूषकाची थट्टामस्करी, आणि मग आख्यान सुरू. पदं सगळी सूत्रधारानं म्हणायची. रामाचं पदही त्यानंच, सीतेचंही त्यानंच, रावणाचंही त्यानंच. ज्याचं पद असेल त्या पात्रानं पदाबरोबर हातवारे करायचे, आणि पद संपलं की आपल्या मनानं चार वाक्यं बोलायची. राक्षस आला की आरडाओरडा, राळेचा भपका, पट्ट्यांची खणाखणी. पुढच्या पिढीनं या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवलं, ‘अललडुर्र’ म्हणून हसून घेतलं. हसणाऱ्यांचे आजोबा मात्र रात्र रात्र जागून ती बघत होते.

म्हणजे बघा, या नाटकात गळा एकाचा आणि शरीरं अनेकांची. सूत्रधार हा शब्दच काय सांगतो? सूत्र धरणारा. 1900 साली रिचर्ड पिशेल नावाच्या जर्मन संस्कृत पंडितानं मांडणी केली, की बाहुल्यांच्या खेळाचं माहेर हिंदुस्थान आहे, आणि संस्कृत नाटकातला सूत्रधार हा मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा माणूस असावा. ही मांडणी सगळ्यांनी मान्य केली असं नाही. आम्हालाही ती जरा ताणलेली वाटते. पण संस्कृत नाटकाचं काय व्हायचं ते होवो, भाव्यांच्या नाटकाला ती चपखल बसते. तिथं पात्रं खरोखरच दुसऱ्याच्या सूत्रावर हलत होती.

आता अडचणीकडे येऊ. शरीरं अनेकांची, आणि त्या शरीरांना घरदार होतं. सीता व्हायची ती मुलगाच. चांगल्या घरातल्या मुलानं तोंडाला रंग लावायचा, लुगडं नेसायचं, लोकांसमोर नाचायचं, हे 1843 साली कुणाला रुचणार? राजाश्रय होता म्हणून चाललं. दरबारच म्हणतो म्हटल्यावर बोलणार कोण! आणि मग 1851 साली आप्पासाहेब वारले. गादीचा वारस धुंडिराव अल्पवयीन, कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. नाटकाचा आश्रय तुटला. भाव्यांच्या डोक्यावर कर्ज आणि मागे माणसांचा मेळा, ज्यांना राजाच्या भरवशावर गोळा केलं होतं.

इथं साताऱ्याकडे एकदा बघायला हवं. साताऱ्याची गादी 1848 सालीच गेली होती. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले, दत्तक इंग्रजांनी मानला नाही, राज्य खालसा झालं. सांगली संस्थान म्हणून शिल्लक राहिली, पण सांगलीतल्या कलावंताला शेजारी काय झालं ते दिसत होतंच. दरबार हा कायमचा धनी नव्हे. म्हणून भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ करू लागले, आणि 1853 साली मुंबईला पोचले. तिथं ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. राजानं पोसलेलं नाटक लोकांनी पैसे मोजून बघायला सुरुवात केली, ही आमच्या मते 1843 इतकीच मोठी घटना आहे. तिचा दिन कुणी साजरा करत नाही, ते असो.

पुढची काही वर्षं त्यांनी फिरतीत घालवली आणि 1860 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच ते या धंद्यातून बाजूला झाले. आणि वारले कधी? 9 ऑगस्ट 1901 ला. मध्ये जवळपास चाळीस वर्षं. मराठी नाटक ज्यानं सुरू केलं तो माणूस नाटकाबाहेर चाळीस वर्षं जगला! ‘पुढे काय’ हा प्रश्न इथं येतो.

चाहते थांबले नाहीत हे उघड आहे. सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या, त्यांनी तोच साचा उचलला. कृष्णाकाठच्या गावांत राम-रावण आणि राळ काही कमी पडली नाही. विनायक जनार्दन कीर्तन्यांनी 1861 साली ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं, म्हणजे संवाद कागदावर आले. आणि 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. हे अण्णासाहेब जन्मले 1843 साली, सीतास्वयंवराच्याच वर्षी. शाकुंतलात झालं काय, तर सूत्रधाराकडचा गळा पात्रांना मिळाला. शकुंतलेचं पद शकुंतलाच गाऊ लागली. तिथून बालगंधर्वांपर्यंतचा रस्ता सरळ आहे. गावोगावच्या लोकांना ‘पुढचं’ हवं होतं ते हे मिळालं, आणि ते भाव्यांनी नाही, दुसऱ्यांनी दिलं.

भाव्यांनी काय केलं? एक केलं ते छापील आहे. 1885 साली त्यांनी आपल्या आख्यानांची पदं ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून प्रसिद्ध केली. दुसरं म्हणजे या बाहुल्या.

त्यांच्याबद्दल दोन प्रकारची हकिगत सांगितली जाते. एक अशी, की बाहुल्या आधीच्या. माणसं मिळेनात म्हणून भाव्यांनी सीतास्वयंवर बाहुल्यांवर करायचं ठरवलं होतं आणि मग माणसं मिळाली. दुसरी अशी, की बाहुल्या नंतरच्या. नाटक सोडल्यावर त्यांनी तेच रामाचं आख्यान लाकडात उतरवायला घेतलं. सांगलीतले दोन नाट्यप्रेमी एकत्र बसले, की यावर चहाचे तीन कप सहज होतात.

आमचा कल दुसरीकडे आहे, आणि का ते सांगतो. राजानं पाहिली होती जिवंत माणसांची मंडळी, हुकूमही तशाच खेळाचा होता. लहानपणी विष्णूनं बाहुल्या केल्याही असतील, कुशल हात काहीतरी करतोच. पण अख्ख्या आख्यानाला पुरेल असा संच करायला कारण लागतं, वेळ लागतो. कारण आणि वेळ दोन्ही त्याच्याकडे नंतर होतं. मुलांच्या घरच्यांची नाराजी, देणेकरी, दौऱ्यातली भांडणं हे सगळं भोगून झालेलं. बाहुलीला शिधा लागत नाही. सीता झालेल्या बाहुलीच्या बापाला कुणी नावं ठेवत नाही. लग्न ठरलं म्हणून ती प्रयोग टाकून जात नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या नाटकात बाहुलीला काहीच शिकवावं लागत नव्हतं! पात्रानं पदावर हलायचं, गाणार सूत्रधार. फक्त चार वाक्यं बोलायची ती, तीही सूत्रधारानंच बोलायची. शाकुंतल बाहुल्यांवर करायचं म्हटलं तर नाटकच बदलावं लागेल. सीतास्वयंवर जसंच्या तसं करता येतं.

नमुनेही जवळच होते. ज्या किनाऱ्यावरून भागवत मंडळी आली, त्याच पट्ट्यात थोडं खाली, कुंदापूरजवळच्या उप्पिनकुद्रू गावात, यक्षगानाचे खेळ दोऱ्यांच्या बाहुल्यांवर करण्याची परंपरा आहे. तेच कथानक, तोच भागवत गाणारा, तोच वेश, फक्त नट लाकडाचे. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. म्हणजे कथा एकच आणि ती कधी माणसांकडून, कधी बाहुल्यांकडून करून घ्यायची, यात कोकण-कर्नाटकाला काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटलं ते आपल्यालाच. नाटक म्हणजे मोठ्यांचं आणि बाहुल्या म्हणजे पोरांच्या, अशी वाटणी आपण करून बसलो. म्हणून भाव्यांच्या नावानं पदक आहे, सांगलीत नाट्यमंदिर आहे, 1943 साली सावरकरांच्या अध्यक्षतेखाली शताब्दीचं नाट्यसंमेलन सांगलीत झालं, आणि त्यांच्या बाहुल्या बहुतेकांना माहीतही नसतात.

बाहुलीचं एक वाईट असतं. नट म्हातारा होतो तोवर त्याच्याजवळ बसून कुणी शिकतं. बाहुली पेटीत ठेवली की ती तशीच राहते, पण तिला हलवायचं कसं हे पेटीत राहत नाही. पदं छापता आली. 1885 चं पुस्तक उघडलं की वाचता येतात. मनगटाची दोरी कितपत ढिली ठेवायची, धनुष्य उचलताना रावण कुठं अडखळायला हवा, हे पुस्तकात कसं येणार? ते हाताकडून हाताकडे जायचं असतं, आणि इथं पुढचा हात वेळेवर आला नाही.

तो आला फार उशिरा. रामदास पाध्ये यांनी या जुन्या बाहुल्या नीट केल्या आणि त्यांच्यावर पुन्हा ‘सीतास्वयंवर’ करून दाखवलं. पाध्यांचं नाव घेतलं की तुम्हाला अर्धवटराव आठवणार. अर्धवटराव त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी घडवला. वडिलांच्या मागे 1967 पासून रामदासांनी त्याला बोलतं ठेवलं, आता तिसरी पिढी आहे. आणि 1993 च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही त्यांचाच. तात्या विंचूचे चाहते अजून पुढचा भाग कधी म्हणून विचारतात, तोही एक बायोनिकलचाच प्रकार. सांगायचं काय, तर ज्या घरात बाहुली बापाकडून मुलाकडे चालत आली, त्याच घराला भाव्यांच्या अडलेल्या बाहुल्या हलवता आल्या. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही.

तेव्हा सीतास्वयंवराचा खरा वारस कोणता? शाकुंतलाला वारस म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण नाही, रंगभूमी त्याच वाटेनं गेली. पण शाकुंतलानं भाव्यांचा सूत्रधार बाजूला सारला. बाहुल्यांनी त्याला मध्यभागी ठेवला, गळाही त्याचा आणि दोऱ्याही त्याच्याच. भाव्यांना स्वतःच्या नाटकात जे मोलाचं वाटत होतं ते कशात उरलं असं विचाराल, तर आम्ही बाहुल्यांकडे बोट दाखवू. साताऱ्याच्या श्रोत्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, की मग ही मंडळी पुण्याला जाताना आमच्याकडे खेळ करून गेली का. रस्ता तर कऱ्हाड-साताऱ्यावरूनच जातो. तिथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर रोजकीर्दी, पत्रं असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा उलगडून बघा, नाटकवाल्यांना दिलेला शिधा अशाच वह्यांत सापडतो. बाकीचे प्रश्न आता घेऊ.