भंडारा जिल्ह्यातील घरगुती औषधोपचार : परंपरा व मर्यादा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा भातशेतीचा, तलावांचा व वनांचा जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला. तथापि झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परिसराचे सांस्कृतिक नाते अखंड राहिले. येथील लोकवैद्यकाचे दोन प्रवाह दिसतात : एक घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा, दुसरा वैदू व मांत्रिकांचा. दोहोंना एकच माप लावल्यास पहिल्याचे मोल घटते आणि दुसऱ्याचे धोके झाकले जातात.

खोकल्यावर अडुळसा, पोटदुखीवर ओवा, जखमेवर हळद, हगवणीवर बेलफळ ही घरगुती औषधे परसात, स्वयंपाकघरात वा रानात मिळत. त्यांत गुप्तता नव्हती. आजाऱ्याला दिली जाणारी मीठ घातलेली भाताची पेज विशेष लक्षणीय आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पुढे तांदळाच्या पिठापासून केलेले द्रावणही पटकीत गुणकारी ठरले. घरची पेज म्हणजे ते मोजून केलेले द्रावण नव्हे. परंतु शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याची दिशा तीच आहे.

हे ज्ञान प्रामुख्याने मौखिक आहे, आणि हीच त्याची दुर्बलता होय. जखमेवरील हळदीच्या वापरासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केल्यामुळे. झाडीबोलीतून चालत आलेल्या उपचारांना असा आधार क्वचितच लाभतो. म्हणूनच २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये गावोगावी करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीचे महत्त्व मोठे आहे.

मात्र नोंद म्हणजे मान्यता नव्हे. भाताच्या बांध्यांत सर्पदंशाचा धोका नित्याचा असतो. नाग, मण्यार वा घोणस यांचे विष मंत्राने उतरत नाही; त्यावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे. बिनविषारी सर्पाच्या दंशातून वाचलेला रुग्ण मांत्रिकाची कीर्ती वाढवितो, आणि पुढच्या रुग्णाची मोलाची वेळ वाया जाते. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे.

सारांश, या परंपरेचा इतिहास सरसकट गौरवाने वा उपेक्षेने नव्हे, तर आजारागणिक पडताळूनच लिहिला पाहिजे. आणि तोही ती जाणणारी पिढी हयात असतानाच.