काशीकाम, अक्षरांकित

मशिदी, मदरसे व दर्गे यांच्या भिंतींवर झिलईदार रंगीत फरशांतून कुराणातील आयती, अल्लाहची नावे किंवा बांधकामाचे लेख उमटवण्याची कला. ‘काशी’ हा शब्द इराणमधील काशान या गावावरून आला. वाराणसीशी त्याचा संबंध नाही. काशानच्या एका कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये फरशीच्या लगद्याची कृती लिहून ठेवली आहे : दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती.

यातील सर्वांत कष्टाचा प्रकार जडावाचा. खुशनवीस (सुलेखनकार) कागदावर मजकूर लिहून देई. एकेका रंगाच्या फरशा वेगवेगळ्या भाजत, त्यामुळे प्रत्येक रंगाला हवी तेवढी आच मिळे. मग कागदाचा कित्ता फरशीवर चिकटवून पांढरे अक्षर टाकीने कापायचे, कडा कानशीने घासायच्या आणि भोवतीची निळी जमीनही त्याच वळणाने कापून बसवायची. सारे तुकडे पालथे मांडून मागून चुन्या-गचीचा थर देत. इस्फहानच्या इमामी मदरशातील १३५४ चा मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) याचा उत्तम नमुना होय. सुमारे साडेतीन मीटर उंचीचा हा मिहराब आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या चौकटीवर मुहक्कक वळणाची पांढरी अक्षरे आहेत, तर कमानीभोवती कोनदार कूफी.

इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या काळात घाई वाढली व ‘हफ्त रंगी’ (सात रंगांची) पद्धत रुळली. यात एकाच चौकोनी फरशीवर अनेक रंग भरून ती एकदाच भाजतात. काम झटपट आणि स्वस्त, पण रंगांचे तेज उणे. शिवाय फरशीचा सांधा अक्षराच्या पोटातून जातो. तरीही खुशनवीस अली रझा अब्बासीने इस्फहानच्या शेख लुत्फुल्ला मशिदीसाठी (१६०३–१९) लिहिलेल्या सुलुस वळणाच्या पट्ट्या पाहताना सांध्यांकडे सहसा लक्ष जात नाही.

दख्खनमधील ठळक उदाहरण बीदरचे. गिलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने तेथे १४७२ मध्ये मदरसा बांधला.  सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. पूर्वेकडील दर्शनी भिंतीचा उत्तर भाग व एक मिनार उभा असून निळ्यावरील पांढऱ्या अक्षरांची पट्टी तुटक तुटक शिल्लक आहे.